वाड्याचा फोटो छापलात, बिऱ्हाडकरूंचं काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. जेसीबीचा दात, अर्धी पडलेली भिंत, भिंतीत एक कोनाडा आणि खाली ओळ, ‘पेठेतील जुना वाडा जमीनदोस्त’. बातमीत मालकाच्या घराण्याचा उल्लेख होता, सागवानी खांबांचा होता, तिथं किती मजली इमारत होणार तेही होतं. मात्र त्या वाड्यात एके काळी सात बिऱ्हाडं राहायची, त्यांच्याविषयी एक अक्षर नव्हतं. बातमीदाराला दोष देत नाही, त्याला सांगणार कोण? म्हणून हे पत्र. जरा लांबेल. छापताना काटायचं तर शेवट काटू नका, मधलं काटा.

मी पोस्टमन होतो. १९७९ ला लागलो, २०१६ ला निवृत्त झालो. त्यातली १९८४ ते १९९९ ही पंधरा वर्षं माझी बीट साताऱ्याच्या वरच्या अंगाच्या पेठांत होती. चिमणपुरा, व्यंकटपुरा, मंगळवार, यादोगोपाळ यांतल्या कुठल्या बोळात कुत्रं सुटं असतं आणि कुठल्या दाराला कडी नसून दोरी आहे, हे मला झोपेत विचारा. फोटोतला वाडा माझ्या बीटमधला. आम्ही त्याला ‘वकिलांचा वाडा’ म्हणायचो. पेठेचं नेमकं नाव आणि वकिलांचं आडनाव मी लिहीत नाही, कारण त्यांची मुलं-नातवंडं आहेत आणि पुढं जे येतंय ते त्यांना विचारून लिहिलेलं नाही.

माझी आई गेल्या माघात गेली. ब्याण्णव वर्षांची होती. तिच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती, तीत वडिलांच्या वेळची पत्रं सापडली. तारेत ओवलेली. हल्लीच्या मुलांना ही तार सांगावी लागते. एक जाड तार, खाली लाकडाची चकती, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. पत्र आलं, वाचून झालं की तारेत खुपसायचं आणि तार खुंटीला. त्यामुळे आमच्या प्रत्येक पत्राच्या मधोमध भोक आहे. एका कार्डात ते नेमकं ‘आजारी’ या शब्दातून गेलंय, आणि कोण आजारी ते आता कळायला मार्ग नाही.

तारेचा एक फायदा मात्र मोठा. सर्वांत जुनं पत्र तळाला, सर्वांत नवं वर. म्हणजे तारीख नसलेलं पत्रसुद्धा आपली जागा धरून असतं. कुणाच्या घरी अशी तार असेल तर पत्रं काढण्याआधी शिसपेन्सिलीनं कोपऱ्यात बारीक आकडे घाला. माझ्या पुतण्यानं उत्साहानं वरची वीसेक पत्रं काढून पत्त्यांसारखी पिसली, तेव्हापासून हे मी येईल त्याला सांगत असतो.

एकूण चौसष्ट पत्रं. बहुतेक कार्डं, थोडी आंतर्देशीय, नऊ पाकिटं.

आमच्या घरचा समज असा, की आमचे आजोबा कोरेगावकडच्या गावाहून आले ते थेट साताऱ्याच्या करंजे भागात आले आणि तेव्हापासून आम्ही करंज्याचे. वडिलांनी कधी याहून वेगळं सांगितलं नाही. पण तारेच्या तळाच्या कार्डांवर करंजे नव्हतंच. पत्ता होता, ‘रा. रा. अमुक यांस, अमुकपंत सावकार यांचे वाड्यात, पेठ अमुक, मु. सातारा, जि. उत्तर सातारा.’

या ‘उत्तर सातारा’नं पहिली मदत केली. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. १९६० मध्ये उत्तरेचा पुन्हा नुसता सातारा झाला आणि दक्षिणेचा सांगली. तेव्हा पत्त्यात उत्तर किंवा दक्षिण दिसलं की ते पत्र त्या अकरा वर्षांतलं धरावं. (लोकांच्या हाताला वळण पडलेलं असतं, त्यामुळे पुढची वर्ष-दोन वर्षं जुनंच लिहिणारे निघतात. तेवढं सोडायचं.) आंतर्देशीय पत्र निघालं २ ऑक्टोबर १९५० ला, त्याआधीचं मिळणार नाही. कार्डावर किंमत आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, नव्या पैशांत असेल तर नंतरचं. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या अलीकडचं. शके घातला असेल तर त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवा, पौषाच्या पुढचं असेल तर बहुधा एकोणऐंशी. आणि शिक्का असेल तर प्रश्नच मिटला.

शिक्का असेल तर. आमच्या नऊ पाकिटांपैकी आठांचा तिकिटाचा कोपरा कात्रीनं कापलेला आहे. दहा वर्षांचा असताना मला तिकिटं जमवायचा नाद होता. ती वही कधीच हरवली. पुढं सदतीस वर्षं पोस्टात काढणाऱ्यानं आपल्याच घरच्या पत्रांच्या तारखा स्वतःच्या हातानं कापून टाकल्या, हे बायकोला सांगितलं तर ती दोन दिवस हसत होती.

आता मुख्य अडचण. ‘अमुकपंत सावकारांचा वाडा’ त्या पेठेत नव्हताच. पंधरा वर्षं दारं झिजवलेला माणूस मी. मला माहीत नसलेला वाडा त्या पेठेत असूच शकत नाही, अशी माझी घमेंड. दोन दिवस झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी भूमापनाच्या कार्यालयात जाऊन त्या भागातल्या पाच-सहा मिळकतींच्या पत्रिका काढल्या. चौथ्या पत्रिकेवर सावकारांचं नाव होतं. १९६१ ची वारसनोंद होऊन खाली मुलाचं नाव लागलेलं. मुलगा म्हणजे आमचे वकील. सावकार गेले, मुलगा वकिली करू लागला, वाड्याचं नाव बदललं. मी बीटवर येईपर्यंत जुनं नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणजे ज्या वाड्याच्या उंबऱ्यावर मी पंधरा वर्षं रोज उभा राहून ‘पोस्टमन!’ म्हणून हाक मारली, त्याच वाड्यात माझे आजोबा, आजी, वडील आणि आई राहत होते. आणि मीही. माझा जन्म १९५६ चा, आईच्या माहेरी. पण बाळंतपण करून ती आली ती या वाड्यात.

खोली कुठली तेही पत्रातूनच कळलं. थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ, एका कार्डात लिहितात, ‘आडामागील खोली ओलसर असते असे लिहिलेत. तरी मुलास तेथे जमिनीवर निजवू नये.’ आड मला माहीत होता. त्याच्यामागची खोली माझ्या काळात सरपणाची होती. दाराला कुलूप नसायचं. पावसाळ्यात छत्री नसली तर मी टपालाची पिशवी तिथं कोरडी ठेवून पुढचे दोन बोळ करून यायचो.

या ‘असे लिहिलेत’वर थोडं थांबतो. आपल्या घरी सापडतात ती आलेली पत्रं. गेलेली पत्रं समोरच्याच्या घरी. म्हणजे आपल्या हाती संभाषणाची एकच बाजू असते. पण जुन्या माणसांची उत्तर लिहायची पद्धत चांगली होती. आधी समोरच्याचं म्हणणं थोडक्यात सांगायचं आणि मग आपलं. मी एका दोनशेपानी वहीत सगळी ‘असे लिहिलेत’, ‘म्हणून कळविलेत’ अशी वाक्यं उतरवून काढली. सतरा निघाली. ‘कासचे पाणी मानवले म्हणून लिहिलेत, आनंद झाला.’ ‘भट्टीवर रात्रीचे जाणे बंद झाले असे कळविलेत.’ ‘सौ.स जिन्यावरून पडून लागले असे लिहिलेत.’ या सतरा वाक्यांत माझी आजी बोलते. ती मी दोन वर्षांचा असताना विधवा झाली आणि सहाव्या वर्षी गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. फोटो नाही. सतरा वाक्यं आहेत, तीही दुसऱ्यांच्या हातची.

भट्टी म्हणजे पेढ्याची. आजोबा एका पेढेवाल्याकडे भट्टीवर होते. कंदी पेढ्याचं नाव साताऱ्यात दुकानाच्या पाटीवर असतं, खवा घोटणाऱ्याचं कुठंच नसतं. घरात एवढंच सांगितलं जाई की आजोबा ‘मोती चौकात नोकरीला’ होते. मला वाटायचं दिवाणजी असतील.

आजोबा कधी गेले, तेही ठाऊक नव्हतं. पत्रात ते मिळणार नाही, कारण वाईट बातमीचं कार्ड आपल्याकडे घरात ठेवत नाहीत. कोपरा फाडून पाठवायचं, वाचलं की फाडून टाकायचं, आणि वाचणाऱ्यानं आंघोळीला जायचं. बीटवर असताना असं कार्ड हाती आलं की मी मजकूर न वाचताच ओळखायचो आणि दारात उभा न राहता पुढं सरकायचो. त्यामुळे तुम्ही कुठल्याही घरची तार काढा, जन्म, मुंजी, लग्नं सगळी मिळतील, त्यांच्या कोपऱ्यांना अजून हळदीकुंकू असतं. मरणं मात्र मिळायची नाहीत.

पण मरणाची सावली पत्त्यावर पडते. आजीच्या भावाचं १९ ऑगस्ट १९५८ चं कार्ड आहे, आजोबांच्या नावाचं. शेवटी ‘सौ. ताईस नमस्कार’. तारेत त्याच्या लगेच वरचं कार्ड ७ जानेवारी १९५९ चं. त्याच हातानं, त्याच शाईनं पत्ता लिहिलाय, ‘गं. भा. अमुक हीस’. गं. भा. म्हणजे विधवा. बस. मधल्या साडेचार महिन्यांत कधीतरी. एवढं घेऊन मृत्युनोंदीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी आधी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘साल तरी सांगा.’ मी साल सांगितलं, महिने सांगितले. दहा मिनिटांत बोट ठेवलं. १९५८, नोव्हेंबर. कारण ताप. पत्ता करंजे. उगाच ‘पन्नास ते साठच्या दरम्यान’ म्हणून गेलो असतो तर बाईंनी मला हात जोडले असते, आणि ते बरोबरच होतं.

ही सारी माहिती कार्डाच्या पत्त्याच्या बाजूला आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आता जुन्या पत्रांचं पेव फुटलंय. रोज कुणीतरी फोटो टाकतं. पण टाकतात ती मजकुराची बाजू. उलटून टाका म्हटलं तर म्हणतात, ‘मागं काही नाही काका, नुसता पत्ता आहे.’

आता वाडा का सोडला ते. हे लिहू की नको याचा महिनाभर विचार केला.

एप्रिल १९५७ चं एक कार्ड आहे, पाच नव्या पैशांचं. त्यावर सावकारांच्या वाड्याचा पत्ता निळ्या शाईत, त्यावर पेन्सिलीची एक तिरकी रेघ आणि बाजूला पेन्सिलीनंच, ‘घर सोडले. करंजे पाहा.’ हे हस्ताक्षर मी पाहताक्षणी ओळखलं. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्यांच्या हाताखाली मला बीट शिकायला दिलं होतं, त्या जुन्या पोस्टमनचं. त्यांचा ‘र’ खाली शेपूट काढून डावीकडे वळायचा. सकाळी सॉर्टिंगला बसलं की ते म्हणायचे, पत्ता चुकीचा नसतो, आपली माहिती कमी असते. नुसतं ‘करंजे पाहा’ लिहून त्यांनी ते कार्ड पुढं पाठवलं आणि ते पोचलं. मला त्यांनी दोन वर्षं शिकवलं, रोज सोबत हिंडले, पण तुझ्या घरच्यांना मी त्या वाड्यातून करंज्यात शोधलं होतं असं कधी बोलले नाहीत. आडनाव पाहून त्यांच्या ध्यानात आलं नसेल असं मला वाटत नाही.

त्या कार्डाचा मजकूर थोरल्या आजोबांचा आहे. तसाच देतो. ‘भाडे तीन महिन्यांचे राहिले असता रात्री निघून जाणे हे आपल्या घराण्यास शोभले नाही. दरमहा चार रुपये म्हणजे एकूण बारा रुपयांकरिता नाचक्की झाली. त्यापोटी तांब्याचा हंडा ठेवलात असे लिहिलेत. तो आईचा होता. असो.’

हे ‘असो’ मी किती वेळा वाचलं असेल.

आता माझे वडील. मला ती बीट मिळाली तेव्हा, १९८४ मध्ये, घरी येऊन मी पेठांची नावं सांगितली. वडील सुपारी कातरत होते. म्हणाले, ‘वकिलांकडं चहा घेऊ नको.’ मी विचारलं, का? तर म्हणाले, ‘नको म्हणजे नको.’ मला वाटलं काही जुनं भांडण असेल, कोर्टकचेरीचं असेल. वडील १९९१ मध्ये गेले. तोवर मी दर दिवाळीला वकिलांच्या घरी चहाही घेतला आणि पोस्तही घेतलं. पोस्टमनला दिवाळीचं पोस्त देणाऱ्या घरांत त्यांचं घर पहिलं. आधी पाच रुपये, मग अकरा, शेवटी एकवीस. त्या आठ दिवाळ्यांत आमच्या आजोबांची बाकी फिटणं सोडाच, उलट आमच्याकडे त्यांच्याकडून कितीतरी जास्त आलं. हिशेब मांडायला बसलो आणि वही मिटवून ठेवली.

वकील दर वेळी पोस्त हातात ठेवताना एक वाक्य विचारायचे, ‘वडील बरे आहेत ना?’ मला त्यात काही वाटायचं नाही. सगळेच विचारतात. आता ध्यानात येतं की माझे वडील कोण, कुठं राहतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. आणखी एक गोष्ट आहे. आजीला लिहिता येत नव्हतं. तिच्या भावाच्या कार्डांत शेवटी पुन्हा पुन्हा येतं, ‘पत्रलेखक चि. यास आशीर्वाद.’ वाड्यातलं लिहितं-वाचतं शाळकरी पोर त्या काळी सावकारांचं थोरलं. वकील तेव्हा चौदा-पंधराचे असणार. तेच असतील असं मी छातीठोक सांगणार नाही. सात बिऱ्हाडं होती, शिकणारी पोरं आणखीही असतील. वकील गेले त्याला बरीच वर्षं झाली, विचारायचं कुणाला?

त्यांच्या सूनबाई आता पुण्याला असतात. फोन केला. आवाज ओळखला त्यांनी, ‘पोस्टमनकाका ना?’ सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग गप्प झाल्या. हंड्याचं विचारलं तर म्हणाल्या, ‘आमच्याकडं हंडे चार-पाच होते काका. कुणाचा कुठला, कोण सांगणार? बंबाशेजारी एक पाण्याला असायचा.’ बंबाशेजारचा मी पाहिलेला आहे. बूड चेपलेला होता. तोच का, देव जाणे.

बारा रुपये पाठवतो म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘मनिऑर्डर करणार का?’ पोस्टातल्या माणसाची चेष्टा कशी करावी हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

संपादक महोदय, आता माझं मूळ म्हणणं. ज्याची जमीन, त्याचं नाव सातबाऱ्यावर राहतं. ज्याचा वाडा, त्याचं मिळकत पत्रिकेवर. शे-दीडशे वर्षांनी कुणीही अर्ज करून नक्कल काढू शकतो. बिऱ्हाडकरूची नोंद कुठल्या उताऱ्यावर? मी एका कार्यालयात विचारलं तर तिथल्या माणसानं सरळ सांगितलं, भाडेकरूचं आमच्याकडं काही नसतं. त्यात त्याची चूक नाही. पावत्या असतील तर मालकाकडे, त्याही वाळवीनं ठेवल्या असतील तेवढ्या. पोरांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मगाव मिळतं, राहत्या खोलीचा पत्ता क्वचित. साताऱ्याच्या पेठांत गेल्या शंभर वर्षांत राहिलेली निम्मीअधिक माणसं, शिंपी, मास्तर, भट्टीवाले, प्रेसमधले कंपोझिटर, एसटीतले कंडक्टर, अशी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून गेली. ती तिथं राहिल्याचा पुरावा काय तो कुणाच्या तरी तारेत अडकलेल्या कार्डावर.

सध्या जातीच्या दाखल्यांसाठी लोक जुन्या नोंदी शोधत हिंडताहेत. कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, निघताहेत, मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आलाय. चांगलंच आहे. पण ज्या हातानं तुम्ही कपाटावरची पेटी दाखल्यासाठी काढता, त्याच हातानं तीतली पत्रं रद्दीत घालू नका. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. खालच्या रस्त्याच्या एका रद्दीवाल्याकडे पोत्यात आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा होता, अजून सुतळीनं बांधलेला. किलोच्या भावानं घेतला आणि आता नावांवरून घरं शोधतोय. चार गठ्ठे पोचवले. पाचव्या घरच्यांनी सांगितलं, आम्हीच टाकलेत, परत नको. सही न देता नाकारलेलं टपाल मी नोकरीत पुष्कळ पाहिलं, पण निवृत्तीनंतरही नशिबी येईल असं वाटलं नव्हतं.

आपल्या दैनिकानं वाडा पाडल्याची बातमी देताना तिथं कोण कोण राहून गेलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून दोन ओळींत छापावं, एवढी विनंती. नावं चुकतील, चुकू द्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची पत्रं येतील, तीही छापा.

आता ते शेवटचं, जे काटू नका म्हणालो.

आजीचं माहेर कोयनाकाठचं. जावळी तालुका. तिच्या भावाच्या कार्डांवर शिक्का मेढ्याचा. कोयना धरणाचं काम १९५४ च्या सुमाराला सुरू झालं आणि साठ-एकसष्टनंतर पाणी चढू लागलं. त्याचं शेवटचं कार्ड एकसष्टच्या उन्हाळ्यातलं, चौसष्ट पत्रांतलं सर्वांत लहान. ‘देव वर हलविले. घराचे वासे काढून घेतले. आम्हांस ठाणे जिल्ह्याकडे जमीन देणार असे म्हणतात. तेथे गेल्यावर पत्ता कळवितो. ताईस सांगावे, अंगणातील फणस तोडला नाही.’

पत्ता आला नाही. किंवा आला असेल आणि आजी तोवर गेलेली असल्यामुळे कुणी तारेत लावला नसेल.

गेल्या डिसेंबरात मी एसटीनं कासवरून बामणोलीला गेलो. वासोट्याला जाणाऱ्या पोरांची गर्दी होती. एका वयस्क बोटवाल्याला गावाचं नाव सांगितलं. त्यानं पैसे किती घेणार ते सांगितलं नाही, नुसतं ‘बसा’ म्हणाला. वीसेक मिनिटांनी इंजिन बंद केलं आणि पाण्याकडे हात केला. ‘हितं.’ सगळीकडं सारखंच पाणी. मी विचारलं, नक्की? तर म्हणाला, ‘माझी आजी हितलीच. ती त्या सोंडंवर बोट ठिवून मोजायची.’ आणि समोरच्या डोंगराच्या सोंडेकडं दाखवून त्यानं अंगठ्यापासून चार बोटं मोजून दाखवली. पोस्टात आम्हाला असा पत्ता कुणी शिकवला नव्हता.

गावाचं नाव मी इथं देत नाही. त्याच नावाची वस्ती आज दोन-तीन ठिकाणी आहे, वर डोंगरातही आणि खाली उठून गेलेल्यांचीही, आणि वर्तमानपत्रात नाव आलं की भलत्याच घरांना फोन जातात. पण ठाणे, पालघर, रायगड, सोलापूर, सांगली, जिथं जिथं कोयनेची माणसं बसवली तिथं आपला अंक किंवा त्याचं कात्रण जात असेल, तर एवढं छापा. साताऱ्याहून, सावकारांच्या वाड्यातून, १९५० ते ५७ मध्ये, किंवा करंज्यातून त्यानंतर, कुणा ‘ताई’नं भावाला धाडलेली पत्रं तुमच्या घरात असतील. शाळकरी मुलाच्या वळणदार अक्षरात असतील. त्यात ओलसर खोलीचं, भट्टीचं, जिन्यावरून पडल्याचं, नातू झाल्याचं असेल. तो नातू मी. पत्रं मला नकोत, तुमची तुमच्याकडे राहू द्या. दोन्ही बाजूंचे फोटो किंवा नुसती नक्कल मिळाली तरी पुष्कळ. फणसाचं काय झालं तेही कुणाला ठाऊक असेल तर कळवावं.

माझं नाव, पत्ता आणि पिनकोड वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. तो छापू नये, पण कुणी विचारला तर कार्यालयातून जरूर द्यावा. मोबाइल मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा कार्ड टाकलेलं बरं, अजून पन्नास पैशांत येतं. पाकीट पाठवलंत आणि तिकीट कमी पडलं तरी हरकत नाही, नॉटपेड सोडवून घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
करंजे, सातारा